वरची ओळ, खालची ओळ

१

शनिवारी सकाळी बाईंच्या फोनवर एक फोटो आला. फोटोत दगडी पाटी होती आणि पाटीवर खडूने लिहिलं होतं, "वन्सं, गोष्टी गेल्या. लगेच या."

बाईंनी अर्धा चहा तसाच ठेवला आणि पायात चपला सरकवल्या. वहिनी उगाच 'लगेच' म्हणणाऱ्यांतल्या नव्हत्या. मागे एकदा त्यांच्या न्हाणीघरात साप निघाला होता, तेव्हाही त्यांचा निरोप 'सवडीने येऊन जा' असाच होता.

दादाचं घर दोन गल्ल्या सोडून होतं. बाई म्हणजे दादाची धाकटी बहीण. घरातले त्यांना आत्या म्हणत आणि बाकी सगळे बाई म्हणत. त्या भागातल्या निम्म्या लोकांना त्यांनी पाढे शिकवले होते आणि उरलेल्या निम्म्यांना, निवृत्त व्हायच्या आधीची काही वर्षं, शाळेच्या कॉम्प्युटरच्या खोलीत माउस धरायला शिकवलं होतं. कोणाचा डबा कोणी फस्त केला, फळ्यावर मास्तरांचं चित्र कोणी काढलं, असले गुन्हे त्यांनी आयुष्यभर उलगडले, तेही छडीला हात न लावता. "संशय असलेल्या पोराला आधी बसायला द्यावं," असं त्या म्हणत. "उभा ठेवला की तो आणखी खोटं बोलतो."

दार चिमणीने उघडलं. चिमणी म्हणजे दादाची नात. रडून रडून नाक लाल झालेलं.

"आत्याआजी, मी नाही केलं."

"अगं, मी अजून काही विचारलं तरी कुठे?"

"सगळे विचारणारच आहेत. म्हणून आधीच सांगून टाकलं."

आतल्या खोलीत वहिनी कॉम्प्युटरपुढे बसल्या होत्या. मांडीवर पाटी, गळ्याला मऊ रुमाल. गळ्याचं ऑपरेशन होऊन त्यांना आठवडाही झाला नव्हता. डॉक्टरांनी बजावलं होतं, महिनाभर एक शब्द बोलायचा नाही. आणि महिन्यानंतर आवाज येईल, पण तो पूर्वीचा असेल की नाही, हे आताच सांगता येत नाही.

तो पूर्वीचा आवाज कसला होता, हे दृष्टिहीन मुलांच्या शाळेत कोणालाही विचारावं. वहिनी त्या मुलांसाठी गोष्टी वाचत आणि कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करत. त्या माइकपुढे बसल्या की दादा घरातली सगळी घड्याळं बंद करत फिरे, कारण दादाचा धंदाच घड्याळदुरुस्तीचा, आणि सगळ्या भिंती टिकटिकत. गोष्ट संपली की घड्याळं पुन्हा चालू. त्यामुळे घड्याळजीच्या घरातलं एकही घड्याळ कधी बरोबर वेळ दाखवत नसे, ही गल्लीतली जुनी थट्टा होती.

ऑपरेशन ठरल्यापासून वहिनींनी जिवाचा आटापिटा करून एक अख्खं जाडजूड पुस्तक वाचून काढलं होतं. समुद्रावर निघालेल्या एका म्हातारीची लांबलचक गोष्ट. सोमवारी ती शाळेत पोचायची होती. त्या आवाजात पुन्हा ती वाचता येईल याची खात्री नव्हती.

वहिनींनी पडद्याकडे बोट केलं. 'गोष्टी' नावाचं फोल्डर होतं. त्यात गेल्या वर्षापर्यंतच्या गोष्टी होत्या. म्हातारी नव्हती. तिच्या आधीच्या सहा-सात गोष्टीही नव्हत्या.

पाटीवर खडू खरखरला, "माझा आवाज गेला, वन्सं. दुसऱ्यांदा."

२

"रडायचं नंतर," बाई म्हणाल्या आणि त्यांनी वहिनींच्या पाठीवर हात ठेवला. "आधी सांगा, सकाळी कॉम्प्युटर लावलात तेव्हा काय काय झालं?"

वहिनींनी लिहिलं, "नेहमीसारखंच." मग पुसून पुन्हा लिहिलं, "नाही. आज त्याने विचारलंच नाही."

बाईंच्या भुवया वर गेल्या. कारण हा कॉम्प्युटर रोज विचारत असे. सुरू केला की काळ्या पडद्यावर दोन ओळी येत, दोन्हींवर अक्षरशः एकच नाव, आणि कोणती हवी ते सांगितल्याशिवाय गडी पुढे जात नसे. झालं होतं असं, की कॉम्प्युटरचा गाडा हाकणारी जी ऑपरेटिंग सिस्टिम असते, तिच्या या यंत्रात दोन प्रती होत्या. गेल्या वर्षी पहिली प्रत आजारी पडली. दुरुस्तीवाल्याने शेजारी दुसरी बसवली आणि वहिनींच्या तोवरच्या गोष्टी, फोटो, सगळं तिच्यातही उतरवून ठेवलं. मग पहिली बरी झाली. दुसरी मात्र पाहुणी म्हणून आली ती मुक्कामालाच राहिली. वहिनींचं सगळं काम पहिलीत, म्हणजे वरच्या ओळीत. पण रोज सकाळी त्या दोन जुळ्या ओळी बघून त्यांचा गोंधळ उडे. म्हणून दादाने पडद्याच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवली होती. वळणदार अक्षरात, "वरची गं, वरची!"

बाईंनी पडद्याच्या कडेकडे पाहिलं. चिठ्ठी नव्हती.

त्यांनी तिथे बोट फिरवलं. फाटलेला कागद नाही, डिंकाचा चिकटपणा नाही, कड आरशासारखी स्वच्छ. बोट नाकाशी नेलं, आणि त्या फक्त "हं" म्हणाल्या. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना हा 'हं' चांगला ठाऊक होता. तो ऐकला की डबा खाल्लेलं पोर आपोआप तोंड पुसायचं.

सूनबाई दारात उभी होती, हातात शिवणाची कात्री. ती घरी कपडे शिवायची आणि त्यांचे कागदी नमुने याच कॉम्प्युटरवरून छापायची.

"आत्या, कडू वाटेल, पण बोलते," ती म्हणाली. "हिने मागे खेळाला जागा हवी म्हणून माझे नमुने पुसले होते. तेव्हापासून मी माझं सगळं पेन ड्राइव्हवरच ठेवते. कार्टी काल दुपारभर इथेच चिकटून होती."

"आई! मी फक्त चित्र रंगवत होते!"

"रंगवता रंगवता काय पुसलंस देव जाणे."

"तू आज बसली होतीस का गं कॉम्प्युटरवर?" बाईंनी सूनबाईला विचारलं.

"बसले ना. आईंच्या आधी, सकाळीच. एक बाही छापायची होती. आणि आज नशीब बघा, एका झटक्यात छापून निघाली. एरवी ते प्रिंटरचं लफडं तुम्हाला माहीत आहे. वरच्या ओळीतून गेलं की प्रिंटर ओळखच देत नाही. खालचीतून गेलं तरच कागद सोडतो. आज मी काही निवडलंही नाही, चहा ठेवायला गेले, आले, छापलं, झालं."

"हं," बाई पुन्हा म्हणाल्या.

मग त्यांनी चिमणीला जवळ बसवलं. "आता तू. काय चुकलं ते नको सांगू. काय वेगळं दिसलं ते सांग."

चिमणीने नाक ओढलं. "माझा फोटो! आजोबांनी मुद्दाम चिडवायला लावलाय. बघ ना!"

बाईंनी समोरचं फोल्डर बंद केलं. मागे पडदाभर चिमणीचा फोटो होता, तोंड भरून हसणारी, आणि समोरचे दोन दात गायब.

"हा बोळका फोटो गेल्या वर्षीचा आहे. मला दात आल्यावर मी तो काढून नवीन लावला होता. आजीला विचार! आणि आज परत हाच. आजोबांना विचारलं तर म्हणाले, मी कशाला लावू? पण त्यांच्याशिवाय असं कोण करणार?"

बाई त्या बोळक्या हसण्याकडे खूप वेळ पाहत राहिल्या. मग उठून म्हणाल्या, "दादा कुठे आहे?"

सूनबाईने आवाज खाली आणला. "त्यांच्या खोलीत. गोष्टी गेल्याचं कळलं तेव्हापासून बाहेर आलेले नाहीत. चहासुद्धा नको म्हणाले."

दादा आणि चहाला नाही म्हणतो? बाईंची पावलं जरा जोरात पडू लागली.

३

दादा टेबलाशी वाकून बसला होता. डोळ्याला भिंग, हातात इवलासा स्क्रूड्रायव्हर. खोलीत नेहमीचा वास होता, तेलाचा आणि घड्याळाचे भाग पुसायच्या स्पिरिटचा.

"काय चाललंय?"

"काम."

बाईंनी पाहिलं. दादा एक स्क्रू घट्ट करत होता. घट्ट झाला की सैल करत होता. सैल झाला की पुन्हा घट्ट.

भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाची तबकडी नवीकोरी होती. जुन्या घड्याळांच्या झिजलेल्या तबकड्या दादा कॉम्प्युटरवर आखून जाड कागदावर छापून बसवी, तशीच. आकडे ठसठशीत, शाई अजून चकचकीत.

"सुरेख झालीय रे तबकडी. कधीची?"

"कालची. संध्याकाळी छापली." दादाने भिंग काढलं नाही. "तिला लांबून दिसत नाही म्हणून मोठे आकडे केले."

"वहिनींना?"

"मग काय तुला?"

बाई स्टुलावर बसल्या. "दादा, चिमणीवर बालंट आलंय."

स्क्रूड्रायव्हर थांबला. "चिमणीला कोणी काही बोलायचं नाही. तिने काही केलेलं नाही."

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? नाही केलेलं. मला माहीत आहे."

"माहीत आहे, की वाटतं?"

दादाच्या हातातून स्क्रू निसटला आणि टेबलाखाली गडगडत गेला. साठ वर्षं बाई या भावाला ओळखत होत्या, पण त्याच्या हातून स्क्रू पडलेला त्यांनी आज पहिल्यांदा पाहिला.

त्या काही बोलणार तेवढ्यात बाहेरून आरोळी आली, "काकू! आलो! घाबरू नका, पाच मिनिटांत शोधून देतो!"

दुरुस्तीवाला आला होता.

४

त्याला सगळे स्क्रू म्हणत. शाळेत असताना त्याने वर्गातल्या पंख्याचे स्क्रू काढून पाहिले होते, तेव्हापासूनचं नाव. हुशार पोरगा. हात सोन्याचे, पण बुड जागेवर नाही. उत्तर आधी लिहायचा आणि गणित मागाहून वाचायचा. कितीतरी गुण त्याने असे घालवले होते.

"नमस्कार, बाई," तो म्हणाला. नमस्कार करतानाच त्याची बोटं कीबोर्डवर चालू लागली होती. "आहाहा. गेल्यात खऱ्या. सी ड्राइव्हवर नाहीत. पण हरकत नाही. पुसलेली फाइल लगेच मरत नसते, काकू. ती तिथेच असते, फक्त तिचं नाव यादीतून गेलेलं असतं. माझ्याकडे शोधणारं सॉफ्टवेअर आहे. सगळा सी ड्राइव्ह चाळून काढू."

वहिनींच्या डोळ्यांत जरा जीव आला.

"फक्त काय आहे," स्क्रू म्हणाला, "सापडलेल्या गोष्टी ठेवायला दुसरीकडे मोकळी जागा लागते. डी ड्राइव्ह आहे ना, तो नाहीतरी अडगळीचाच. त्या डुप्लिकेट सिस्टिमने भरलाय. तो फॉरमॅट करतो, म्हणजे धुऊन पुसून साफ. मग तिथे उतरवून घेऊ."

"डीवर डुप्लिकेटच आहे, हे नक्की?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे काय, बाई! मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय मागच्या खेपेला. सीवर अस्सल, डीवर नक्कल. आणि त्या नकलेची ओळ यादीतून काढलेलीही दिसतेय. मीच सांगितलं होतं फोनवर, सी ठेवा, डी काढा."

"कोणाला सांगितलं होतंस?"

स्क्रूने जीभ चावली. "ते नाही सांगता येणार, बाई. शब्द दिलाय. काकूंना खुशखबर द्यायची होती म्हणून."

खोलीत क्षणभर सगळे एकमेकांकडे पाहू लागले. सूनबाई चिमणीकडे, चिमणी सूनबाईकडे, वहिनी दोघींकडे.

"तू कर तुझं काम," बाई म्हणाल्या. त्यांचं मन मात्र कशाततरी अडकलं होतं. त्यांनी सगळं पुन्हा ओळीने लावून पाहिलं. नक्कल काढली, अस्सल राहिली, मग गोष्टी गेल्या कुठे? एक पाय लंगडत होता, पण कोणता ते दिसत नव्हतं. विचार करताना हाताला काहीतरी लागे, म्हणून त्या टेबलाशी बसल्या आणि समोर बसलेल्या चिमणीला म्हणाल्या, "त्या डाव्या खणात खडू असेल, आजीला नवा दे. तिचा संपत आला."

टेबलाला दोन बाजूंना दोन खण होते. चिमणीचा हात मधेच थांबला.

"तुझा डावा की माझा?"

बाई तिच्याकडे पाहतच राहिल्या.

कवायतीच्या तासाला त्या मुलांसमोर उभ्या राहत, तेव्हा तोंडाने "डावा हात वर" म्हणत आणि स्वतःचा उजवा वर करत. सगळ्याच शिक्षकांना हे करावं लागतं. समोरासमोर उभं राहिलं की डावं-उजवं फिरतं. जो मास्तर हे विसरतो, त्याचा सगळा वर्ग उलटा वळतो, आणि मुलं तर बिचारी सांगितल्याप्रमाणेच वळलेली असतात.

सांगितल्याप्रमाणेच.

पलीकडे पडद्यावर पाटी झळकली होती, 'डी ड्राइव्हवरील सर्व काही पुसले जाईल. खात्री आहे?' स्क्रूचं बोट 'हो'कडे निघालं होतं.

"स्क्रू!" बाई वर्गात ओरडत तशा ओरडल्या. "हात वर!"

५

स्क्रूचे दोन्ही हात ताडकन वर गेले. वय वर्षं पस्तीस, दोन मुलांचा बाप, पण सवय ती सवय. चिमणीचेही हात वर गेले. सूनबाईने कात्रीसकट एक हात वर केला आणि मग ओशाळून खाली घेतला.

"आता तसाच बस आणि उत्तर दे," बाई म्हणाल्या. "आत्ता हा कॉम्प्युटर कोणत्या प्रतीवर चालू आहे? वरच्या की खालच्या?"

"वरच्या, बाई. खालची तर काढली."

"पाहिलंस, की धरून चाललास?"

स्क्रूने मान खाली घातली. पंख्याच्या वेळीही त्याने अशीच घातली होती.

"प्रिंटर कोणत्या ओळीतून चालतो?" बाईंनी सूनबाईला विचारलं.

"खालच्या."

"आज कसा चालला?"

"एका झटक्यात," सूनबाई म्हणाली, आणि तिचं तोंड उघडंच राहिलं.

"आता हा फोटो पाहा. चोर आला आणि त्याने गोष्टी नेल्या असं धरू. पण बाबांनो, चोर चिमणीचे उगवलेले दात कसे नेईल?"

चिमणीने नकळत दातांना हात लावून पाहिला.

"इथून काहीच पुसलेलं नाही. इथे त्या गोष्टी कधी आल्याच नव्हत्या. गेल्या वर्षी या प्रतीत जे उतरवलं होतं तेवढंच हिला ठाऊक आहे. तोवरच्या गोष्टी, आणि तेव्हाचा बोळका फोटो. आपण सकाळपासून शेजारणीच्या घरात बसलोय आणि आपलं सामान कोणी नेलं म्हणून रडतोय."

"पण बाई," स्क्रू म्हणाला. हात अजून वरच होते. "मग वरची ओळ कशी गेली? मी तर डीवरची काढायला सांगितली."

"आता तूच सांग. सी कोणाला म्हणतात?"

"जी प्रत चालू असते ना, ती आपल्या घराला सी म्हणते. आणि शेजारच्या घराला डी." स्क्रूचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. "म्हणजे वरच्या प्रतीत बसून पाहिलं, तर खालची डी. मी तसंच पाहिलं होतं. आणि खालच्या प्रतीत बसून पाहिलं तर..."

"वरची डी!" चिमणी ओरडली. "तुझा डावा की माझा!"

स्क्रूने हात खाली घेतले ते थेट डोक्यावर. "अरे देवा. म्हणजे आत्ता मी जो डी पुसणार होतो..."

"तो वहिनींचा आवाज होता," बाई शांतपणे म्हणाल्या. "नाही म्हण त्या पाटीला. आणि उघड तो ड्राइव्ह."

स्क्रूने 'नाही' दाबलं. इतक्या जपून त्याने आयुष्यात कधी काही दाबलं नसेल. डी ड्राइव्ह उघडला. आतल्या फोल्डरने आधी परवानगी विचारली, त्याने ती दिली. एकात एक दारं उघडत गेली. फोटोंच्या रांगेत दात आलेली चिमणी दिसली, आणि तिच्या खाली 'गोष्टी'.

स्क्रूने म्हातारीवर बोट ठेवलं.

आधी काहीच ऐकू आलं नाही. दादाने घड्याळं बंद केलेल्या घराची ती शांतता होती. मग वहिनींचा आवाज आला, भरदार, जरासा हसरा. "मुलांनो, बसलात ना सगळे? खेटून बसा. आपल्याला समुद्रावर जायचंय, होडी लहान आहे."

वहिनींनी पाटी छातीशी घट्ट धरली. सूनबाईने चिमणीला जवळ ओढलं आणि तिच्या केसांत तोंड खुपसून काहीतरी पुटपुटली. "जाऊ दे गं आई," चिमणी मोठेपणाने म्हणाली, "पण खेळाला जागा देशील?"

दारात दादा उभा होता. कधी आला ते कोणाला कळलं नव्हतं.

६

"राहिला एक प्रश्न," स्क्रू म्हणाला आणि लगेच खाली पाहू लागला, कारण त्याचं उत्तर त्याला ठाऊक होतं.

बाईंनाही होतं. पण त्या कोणाकडे न पाहता बोलल्या, वर्गात बोलत तशा. "ज्याने ही ओळ काढली, त्याला वाटलं, आता तो रोजचा प्रश्न येणार नाही. म्हणून त्याने चिठ्ठीही काढली. ओरबाडून काढली नाही, स्पिरिटने पुसून, डाग न ठेवता काढली. रागाने हात घालणारा माणूस एवढी निगा राखत नाही. शिवाय काल संध्याकाळी त्याला काहीतरी छापायचं होतं, त्यामुळे तो खालच्या प्रतीत बसला होता. छापून झाल्यावर त्याने तिथेच यादी उघडली आणि फोनवर जे सांगितलं होतं ते तंतोतंत केलं. त्याच्या कामात चूक नव्हती. तो फक्त समोरच्या बाजूने उभा होता. असं कोणी इथे असेल, तर मला त्याला काहीही विचारायचं नाही."

खोलीत म्हातारी समुद्रावर निघाली होती. दादाने हळूच हात वर केला.

"मी," तो म्हणाला. "सी ठेवली, डी काढली. सांगितलं त्यात तसूभर इकडे तिकडे केलं नाही."

"काका, माझं चुकलं. तुम्ही कुठे बसलाय ते मी विचारायला हवं होतं."

"तुझं कसलं." दादा वहिनींकडे पाहत होता. "ही रोज सकाळी त्या दोन ओळींपुढे थबकायची. कितीही वेळा सांगा. एकदा खालची दाबली गेली आणि गोष्टी दिसेनात, तर घाबरून घामाघूम. म्हटलं, गळ्याचं एवढं सोसलंय, निदान हा एक ताप तरी तिच्यामागचा काढावा. प्रिंटरचं नंतर बघता आलं असतं. आज सकाळी ती लावेल आणि प्रश्न येणारच नाही, मग माझ्याकडे बघेल, असं मनात धरून बसलो होतो." त्याने घसा खाकरला. "तिने बघितलं. पण रडत. मला वाटलं, मीच पुसला हिचा आवाज. मग तोंडच उघडेना. चिमणे, तुझ्यावर आलं तेव्हा तरी बोलायला हवं होतं. तुझा आजोबा घाबरट निघाला."

चिमणीने विचार केला. "पण तुम्ही म्हणालात ना, चिमणीने नाही केलं. मी ऐकलं भिंतीआडून."

"भिंतीआडून ऐकू नये," बाई म्हणाल्या.

"तू पण तर विचारत होतीस, आत्याआजी."

बाईंनी स्क्रूला कामाला लावलं.

पुढचं काम स्क्रूने इतक्या सावकाश केलं, की बाईंना वाटलं आज याला पैकीच्या पैकी द्यावेत. आधी सगळ्या गोष्टी एका पेन ड्राइव्हवर घेतल्या. मग दुसऱ्या पेन ड्राइव्हवर. "एक शाळेचा, एक घराचा. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं," तो आपण होऊन म्हणाला. मग वरची ओळ यादीत परत आणली, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला आणि वरचीतून आत गेला. पडद्यावर दातवाली चिमणी आली. प्रिंटरची या प्रतीशी ओळख करून दिली. सूनबाईने खात्री म्हणून एक बाही छापून पाहिली. आणि शेवटी, "बाई, मी वरच्यात बसलोय. डीवर खालची आहे. पाहून सांगतोय, धरून चाललेलो नाही," असं मोठ्याने म्हणून त्याने दुसरी प्रत आणि तिची ओळ दोन्ही काढून टाकली.

कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला. काळा पडदा आला आणि काहीही न विचारता उजळला.

सगळे वहिनींकडे पाहू लागले. वहिनी पडद्याच्या त्या स्वच्छ कडेकडे पाहत होत्या. मग त्यांनी पाटी ओढली, बराच वेळ लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं आणि पाटी दादापुढे धरली.

"अहो, प्रश्न गेला ते बरं झालं. पण माझी चिठ्ठी परत लावा."

दादाला कळेना. "अगं, पण आता वरची नाही नि खालची नाही. एकच आहे. चिठ्ठीत लिहू तरी काय?"

वहिनींनी खडू उचलला, आणि नुसता हवेत हलवून खाली ठेवला. हे लिहायची काय गरज, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"आजोबा, तेच लिहा," चिमणी म्हणाली. "आजीला तेच हवंय."

दादाने खिशातून पेन काढलं. सूनबाईने नमुन्याच्या कागदाची एक पट्टी कापून दिली. त्यावर वळणदार अक्षरात "वरची गं, वरची!" उमटलं. बाईंनी डिंकाची बाटली पुढे सरकवली आणि दादा स्क्रू लावावा तसा नाक जवळ नेऊन, एक कोपरा, मग दुसरा, अशी ती चिठ्ठी पडद्याच्या कडेला लावत बसला.